गुडघ्याची हद्द

ओरेस्ते स्कारपा निवृत्त झाला त्याला चौदा महिने झाले होते, आणि तेवढ्यात त्याने घरातली प्रत्येक वस्तू मोजून संपवली होती. भूमापन खात्यात अडतीस वर्षं मोजणीदार म्हणून काढल्यावर माणसाचा हात एकदम थांबत नाही. जेवणाचं टेबल एका बाजूने दोन मिलिमीटर बुटकं आहे, स्वयंपाकघराची भिंत शेजाऱ्याच्या हद्दीत वीतभर शिरली आहे, आणि पलंगावर नुन्झिया आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त जागा वापरते, असे तीन शोध त्याने एका महिन्यात लावले. तिसरा शोध लागला त्याच सकाळी नुन्झिया पायात चपला सरकवून फादर सिल्वानोंकडे गेली.

"फादर, माझ्या नवऱ्याला काहीतरी काम द्या," ती म्हणाली. "बसून करायचं असलं तरी चालेल. घराबाहेर असलं म्हणजे झालं."

फादर सिल्वानो तरुण होते, इटलीच्या उत्तरेकडून आलेले, आणि दोन गोष्टींना घाबरत असत. एक दक्षिणेतला उन्हाळा आणि दुसरे बिशपस्वामी. त्या वर्षी जुलैत दोन्ही एकदम त्यांच्या अंगावर आले. रोक्कास्पिना गाव टेकडीवर, खाली सात किलोमीटरवर समुद्र. पोहून कंटाळलेली माणसं अंगावरच्या मिठासकट गाडीत बसतात आणि वर संत रोक्कोचं चर्च बघायला येतात. जूनमध्ये असाच एक गृहस्थ नुसत्या पोहायच्या चड्डीवर, बगलेत हवा भरलेली मगर धरून, संताच्या मूर्तीसमोर उभा राहिला. कोणीतरी त्याचा फोटो काढला. तो फिरत फिरत बिशपस्वामींच्या टेबलावर पोहोचला आणि त्यांचं पत्र आलं. सोळा ऑगस्टच्या सणाला मी स्वतः येणार आहे. चर्चमध्ये मर्यादा दिसली नाही, तर यापुढे दार फक्त मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या, वेळी उघडेल, एरवी कुलूप.

गावाच्या दृष्टीने ही बाब फार गंभीर होती. पाहुणे चर्च बघतात दहा मिनिटं आणि मग समोरच्या पिनुच्चाच्या बारमध्ये बसतात दोन तास. चर्चला कुलूप म्हणजे पिनुच्चाला कुलूप. पिनुच्चाला कुलूप म्हणजे गावातले सगळे पुरुष दिवसभर घरी. या शेवटच्या गोष्टीची धास्ती गावातल्या बायकांनी सगळ्यात जास्त घेतली होती.

अशा रीतीने ओरेस्तेला चर्चच्या दारात एक खुर्ची मिळाली आणि एक पाटी मिळाली. पाटीवर लिहिलं होतं, खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत.

दुसरा कोणी असता तर पाटी टांगून बसला असता. ओरेस्तेने ती दोनदा वाचली आणि फादरना गाठलं.

"फादर, गुडघा म्हणजे वाटीची वरची कड धरायची की खालची?"

"ओरेस्तेकाका, गुडघा म्हणजे गुडघा."

"एवढ्यावर अडतीस वर्षांत एकाही शेताची हद्द कायम झालेली नाही," ओरेस्ते म्हणाला आणि घरी जाऊन त्याने स्वतःच्या पायाचा नकाशा काढला. संध्याकाळपर्यंत निर्णय झाला. माणूस दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभा असताना वाटीच्या खालच्या कडेपासून दोन बोटं खाली, ही हद्द. बसलेल्या माणसाचा गुडघा ग्राह्य धरला जाणार नाही, कारण बसल्यावर कापड वर जातं आणि पुरावा बिघडतो.

पहिल्याच दिवशी एक उंच डच गृहस्थ आला. त्याची चड्डी हद्दीपासून चांगली चार बोटं वर होती. ओरेस्तेने पाटी दाखवली. गृहस्थ समजूतदार होता. त्याने चड्डी दोन्ही हातांनी धरून खाली ओढली आणि गुडघे झाकले. पण कापड तेवढंच होतं. खाली जे मिळालं ते वरून गेलं, आणि तो आभार मानून आत जायला वळला तेव्हा मागे रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या फिलोमेनाने छातीवर क्रूसाची खूण केली. ओरेस्तेने नियमावलीत नवीन कलम घातलं.

खरी पंचाईत मात्र संत रोक्कोनेच करून ठेवली होती. ज्यांनी त्याची मूर्ती कुठेही पाहिली असेल त्यांना माहीत आहे की हा संत झगा वर उचलून मांडीवरची प्लेगची गाठ दाखवत उभा असतो. उघड्या दारातून मूर्ती सरळ दिसते. त्यामुळे दिवसातून पाच-सहा माणसं तरी ओरेस्तेला विचारायची, "आम्हाला गुडघ्याची बंदी, मग आत तो कोण उभा आहे?"

"त्याला प्लेग झालाय," ओरेस्ते म्हणायचा. "तुम्हाला झालाय का?"

बहुतेक लोक इथे मागे फिरत. एक जर्मन बाई मात्र म्हणाली की तिला डास चावले आहेत, आणि पोटरी पुढे करून उभी राहिली. त्या दिवशी ओरेस्तेला जेवण गेलं नाही.

आठवड्याभरात आलेल्यांपैकी निम्मे लोक दारातून परत जाऊ लागले. परत जाणारा माणूस रागावलेला असतो आणि रागावलेला माणूस कॉफी प्यायला थांबत नाही. पिनुच्चाने दुपारी ओरेस्तेसमोर बर्फ घातलेली कॉफी आदळली.

"मोजणीदार, तुम्ही चर्च वाचवताय की माझा बार बुडवताय?"

"नियम मी केलेला नाही."

"दोन बोटं तुमचीच आहेत ना?"

शेजारी दाढीचं दुकान बंद करून बसलेला कोझिमो न्हावी बराच वेळ विचार करत होता. "माझं ऐका," तो म्हणाला. "ज्यांचे गुडघे उघडे असतील त्यांना गुडघ्यांवर चालत आत जायला सांगा. भक्ती दिसेल आणि गुडघे जमिनीला लागल्यामुळे दिसणारच नाहीत."

"आणि खांदे?"

"खांद्यांचं उद्या सांगतो."

शेवटी तोडगा पिनुच्चानेच काढला. मोठ्या शहरांतल्या चर्चमध्ये पाहुण्यांना कमरेला गुंडाळायला कापडं देतात, तशी आपणही द्यावीत. कापड कुठून आणायचं हे तिने सांगितलं नाही, पण ओरेस्तेला आठवलं की मागच्या खोलीच्या कपाटात चेरींचं चित्र असलेले जुने पडदे पडून आहेत. नुन्झिया बाजारात गेली होती. एखादं शेत वारसांमध्ये वाटावं तसं त्याने ते पडदे बारा समान तुकड्यांत वाटले.

दुसऱ्या दिवशी नुन्झिया भाजी घेऊन चौकातून येत होती, आणि समोरून कमरेला चेरी गुंडाळलेली एक स्वीडिश बाई गेली. नुन्झिया थांबली. मागून त्या बाईचा नवरा आला. त्याच्याही कमरेला चेरीच होत्या.

"ओरेस्ते," ती चर्चच्या दारात येऊन शांतपणे म्हणाली. तिचा आवाज चढला की ओरेस्ते घाबरत नसे. उतरला की घाबरे. "ते आईने दिलेले पडदे होते."

"नुन्झिया, ते सहा वर्षं कपाटात आहेत."

"आईही आठ वर्षं कबरीत आहे. म्हणून तिला वाटून टाकतोस का?"

ओरेस्तेने उरलेल्या कापडांची घडी घालून ती खुर्चीखाली सरकवली.

पण कापडांचा उपयोग होत होता. लोक गुंडाळत, आत जात, बाहेर येऊन हसत फोटो काढत आणि पिनुच्चाकडे बसत. एकच अडचण होती. काही जण कापडासकट निघून जात. दोन फ्रेंच बहिणी तर चेरी गुंडाळूनच बसमध्ये चढल्या. म्हणून ओरेस्तेने अनामत घ्यायला सुरुवात केली, आणि ती म्हणजे डाव्या पायातला बूट. एका बुटावर कोणी गाव सोडून जात नाही, हा त्याचा हिशोब बरोबर होता. पाचसहा दिवस पायऱ्यांवर डाव्या बुटांची सरळ रांग लागत होती आणि ओरेस्ते आयुष्यात इतका सुखी कधी नव्हता.

मग नगरपालिकेचा शिपाई तौरीनो आला. हा तौरीनो तरुण असताना बापाच्या ऑलिव्हच्या बागेचा नकाशा काढून घ्यायला ओरेस्तेच्या कचेरीत अकरा वेळा आला होता, आणि अकराव्या वेळी ओरेस्तेने त्याला सांगितलं होतं की अर्ज काळ्या शाईने लिहायला हवा होता. तौरीनो काही विसरला नव्हता.

"मोजणीदार, या पायऱ्या कोणाच्या?"

"वरच्या तीन चर्चच्या, खालच्या चार नगरपालिकेच्या," ओरेस्ते तत्काळ म्हणाला, आणि म्हणताक्षणी त्याला कळलं की आपण काय करून बसलो.

"खालच्या चारांवर बूट आहेत. सार्वजनिक जागेवर मांडामांड. परवानगी लागेल. अर्ज, आणि सोबत नकाशा."

ओरेस्तेला खरं तर आनंदच झाला. त्याने दोन दिवस बसून नकाशा काढला. पायऱ्या, बूट, बुटांमधलं अंतर, उत्तर दिशेचा बाण. तौरीनोने तो उलटसुलट करून पाहिला.

"यात उजवे बूट दाखवलेले नाहीत."

"उजवे बूट माणसांच्या पायात असतात."

"तसं नकाशावर लिहा."

ओरेस्तेने लिहून आणलं. तौरीनो म्हणाला, पायात असलेल्या बुटांची माणसं कुठे उभी आहेत ते दाखवा. ओरेस्तेने माणसं काढली. अडतीस वर्षांत त्याने नकाशावर माणूस कधी काढला नव्हता, त्यामुळे ती सगळी ऑलिव्हच्या झाडांसारखी आली. शेवटी परवानगी मिळाली. ती वीस सप्टेंबरपासून लागू होती. तोवर बूट घेणं बंद.

बूट बंद झाले आणि कापडं गावाबाहेर चालत निघाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चेरींचा एक तुकडा उरला, तोही फिलोमेनाने घरी नेला, कारण तिला तो आवडला होता.

त्याच सुमारास नुन्झियाच्या लेच्चे शहरातल्या बहिणीचा पाय मोडला आणि तिला दहा दिवस तिकडे जावं लागलं. बसमध्ये चढताना ती म्हणाली, "फ्रीजमध्ये वांगी आहेत. आणि घरातल्या एकाही कापडाला हात लावलास तर मी परत आल्यावर बहिणीकडेच परत जाईन. तिला पाय नाही, पण तिच्याकडे पडदे आहेत."

ओरेस्तेने शब्द दिला. तो शब्द त्याने पंधरा ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत पाळला, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवलं पाहिजे.

सोळा तारखेला सकाळी नऊ वाजता पारा एकेचाळीसवर होता. आफ्रिकेकडून येणारं वारं चुलीवरच्या वाफेसारखं तोंडावर येत होतं. सणासाठी खालच्या किनाऱ्यावरून माणसं येत होती, आणि जवळजवळ सगळी चड्डी-बनियनवर. मिस्सा साडेदहाला. बिशपस्वामी वाटेत होते. फादर सिल्वानो घामाने निथळत बाहेर आले.

"ओरेस्तेकाका, कापडं?"

"नाहीत."

"मग यांना परत पाठवा."

ओरेस्तेने चौकाकडे पाहिलं. पिनुच्चा दारात उभी राहून त्याच्याकडेच पाहत होती. तिने सणासाठी तीस जादा खुर्च्या मागवल्या होत्या. तिच्या मागे कोझिमो दोन्ही हातांनी गुडघ्यांवर चालण्याची खूण करत होता.

ओरेस्ते घरी गेला. पहिल्या फेरीत त्याने चादरी आणल्या. दुसऱ्या फेरीत टेबलक्लॉथ, टॉवेल आणि बैठकीच्या खोलीचे पडदे. तिसऱ्या फेरीत नुन्झियाच्या शाली, ओढण्या, लांब बाह्यांचे झगे आणि हिवाळी कोट. फादरनीही चर्चमागच्या कपाटातली सगळी कापडं बाहेर काढून वाटली. मग लक्षात आलं की त्यात सणाचं वेदीवस्त्रही गेलं. ते एका पोलिश कुटुंबात कोणाच्या तरी कमरेला होतं. घाईघाईने वेदीवर नुन्झियाचा लग्नातला भरतकामाचा टेबलक्लॉथ अंथरला गेला. कॉफीचा एक डाग फादरनी फुलदाणीखाली झाकला.

साडेदहाला पाच मिनिटं कमी असताना चर्चमध्ये एकही गुडघा दिसत नव्हता. ओरेस्ते आपल्या काळ्या लोकरी सुटात दारात ताठ उभा होता. बिशपस्वामींची गाडी चौकात शिरली. तिच्यामागून लेच्चेची बस शिरली.

नुन्झिया बसमधून उतरली. बहिणीच्या घरी दहा दिवस उकाड्यात काढून तिने आयुष्यात पहिल्यांदा बिनबाह्यांचा झगा घातला होता, बहिणीचाच, निळा. घरी जाऊन कपडे बदलून मिस्सेला यायचं, असा तिचा बेत. ती घरी गेली. कपाट उघडलं. मग बराच वेळ ती कपाटाच्या मागच्या फळीकडे पाहत राहिली, कारण ती फळी तिने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिली होती. खिडक्यांना पडदे नव्हते, पलंगावर चादर नव्हती, मोरीत टॉवेल नव्हता. वांगी मात्र होती तशीच होती.

ती सरळ चर्चकडे निघाली.

बिशपस्वामी चौकातलं स्वागत उरकून आता पायऱ्या चढत होते. वयाने थकलेले, देहाने भारी, अंगावर वस्त्रांचे चार थर. दारातून आत डोकावून ते थबकले. आत सत्तर-ऐंशी माणसं गुंडाळलेली बसली होती. पिवळी फुलं, निळे चौकडे, एका लालबुंद इंग्रजाच्या अंगावर बायकी हिवाळी कोट.

"हे कुठले यात्रेकरू?" त्यांनी विचारलं.

फादर सिल्वानो काही बोलायच्या आत नुन्झिया येऊन पोहोचली. श्वास लागलेला, केस विस्कटलेले, दोन्ही खांदे उघडे.

"ओरेस्ते," ती हळू आवाजात म्हणाली, "तो इंग्रज माझ्या कोटात बसलाय."

ओरेस्तेने बिशपस्वामींकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि मग नुन्झियाकडे. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने हे खांदे दिवसाउजेडी, चौकात, असे कधी पाहिले नव्हते. उजव्या खांद्यावर एक तीळ होता. त्याची नोंद त्याच्याकडे होती, पण इतक्या उजेडातली नव्हती.

त्याने आपला कोट काढला आणि तिच्यापुढे धरला. लोकरीचा कोट घामाने जड झाला होता आणि त्यातून थोडी वाफ येत होती. नुन्झियाने त्या कोटाकडे नुसतं पाहिलं.

"तो मी घालणार नाही," ती म्हणाली. "आणि घरात घालायला तू काही ठेवलेलं नाहीस. आता अडव मला."

बिशपस्वामी वाट बघत होते. फादर सिल्वानोंनी डोळे मिटले होते. ओरेस्ते दारातून बाजूला झाला.

"बिशपस्वामी," तो म्हणाला, "ही माझी बायको. आत बसलेल्या सगळ्यांच्या अंगावर हिचेच कपडे आहेत. हिच्यासाठी काही उरलं नाही, तो दोष माझा आहे. ही आत जाईल. मी पाटीसकट बाहेर बसतो."

बिशपस्वामींनी एकवार आतल्या गुंडाळलेल्या मंडळींकडे आणि एकवार नुन्झियाकडे पाहिलं. "आधी बाईंना जाऊ द्या," ते एवढंच म्हणाले.

नुन्झिया आत गेली आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली. तिथून तिला आपली प्रत्येक वस्तू दिसत होती, आणि बाहेर जायची वाट तिच्या पायांजवळून होती. तिच्या डोक्यात प्रार्थना नव्हती, यादी होती. सात चादरी, चार टेबलक्लॉथ, नऊ शाली. वेदीकडे लक्ष गेलं तेव्हा तिने फुलदाणीची जागा पाहिली आणि ओळखलं. टेबलक्लॉथ पाच.

बिशपस्वामींचं प्रवचन पन्नास मिनिटं चाललं. एरवी पाहुणे पाच मिनिटांत उठतात. त्या दिवशी एक तरुण जोडपं उठलं, दारापर्यंत आलं. नुन्झियाने फक्त त्यांच्या कमरेभोवतीच्या आपल्या चादरीकडे पाहिलं. दोघं परत जाऊन बसली. त्यानंतर कोणी हललं नाही. हिवाळी कोटातला इंग्रज तर शेवटी शेवटी डोळे मिटून डुलत होता, आणि ते बिशपस्वामींना फार भावलं.

मिस्सा संपली. नुन्झिया उठून दारात उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडून आपली वस्तू उतरवून घेऊ लागली. चादर, घडी, काखेत. पुढचा. पायऱ्यांवर एकामागून एक गुडघे बाहेर पडत होते, गोरे, लाल, सालटं निघालेले. बँड वाजू लागला. त्याच वेळी संत रोक्कोची मूर्ती मिरवणुकीसाठी लोकांच्या खांद्यांवरून बाहेर आली, झगा वर उचललेली, आणि त्या गर्दीत तो संत अगदी त्यांच्यातलाच दिसत होता. बिशपस्वामी वरच्या पायरीवर उभे राहून हे सगळं बघत होते. फादर सिल्वानो बाजूला उभे राहून उत्तरेकडच्या गाड्यांच्या वेळा आठवत होते.

"फादर," बिशपस्वामी म्हणाले, "दार दिवसभर उघडं ठेवत जा. तेहेतीस वर्षं प्रवचन करतोय. इतक्या उन्हात, इतक्या वेळ, इतकी माणसं माझ्यासमोर मन लावून बसलेली मी पाहिली नाहीत. एकही जण बाहेर गेला नाही."

फादरनी शेवटच्या बाकाकडे पाहिलं, तोंड उघडलं, आणि देवाच्या कृपेने बंद केलं.

ओरेस्ते खालच्या, नगरपालिकेच्या पायरीवर मांडीवर पाटी घेऊन बसला होता. पिनुच्चाने त्याला बदामाचं दूध घातलेली थंड कॉफी आणून दिली आणि परत गेली. चौकातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

नुन्झिया शेवटचा कोट गाठोड्यात कोंबून आली. तिच्या दोन्ही हातांत चादरींची गाठोडी होती.

"एक शाल कमी आहे," ती म्हणाली. "करड्या रंगाची. पण ती मला आवडत नव्हती."

ओरेस्ते उठला. त्याने एक गाठोडं घेतलं. दोघं घराकडे चालू लागली. ती पुढे, तो दोन पावलं मागे.

"बहिणीकडे परत जाणार आहेस का?" त्याने शेवटी विचारलं.

"हे सगळं आधी धुवायला लागेल. धुणार कोण?"

"मी."

"पडदे?"

"मीच लावेन."

अजून थोडं अंतर गेलं. मग ओरेस्ते म्हणाला, "निळ्या झग्यात तू छान दिसतेस."

नुन्झिया थांबली. वळली नाही. "किती छान?" तिने विचारलं.

ओरेस्तेने गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं.

"मोजलं नाही," तो म्हणाला.

नुन्झियाने आपल्या हातातलं गाठोडंही त्याच्या हातांत ठेवलं आणि ती मोकळ्या हातांनी, मोकळ्या खांद्यांनी, चढण चढू लागली.